मागच्या दारापासून आखायची राणीची बाग

पार्ल्याच्या स्टेशनवरून मुंबईतले वन्य प्राणी दोन दिशांना आहेत. उत्तरेकडची गाडी पकडून बोरिवलीला उतरलं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं हे जंगल, आणि आरे व भोवतालचा पट्टा धरला तर पन्नासच्या वर बिबटे तिथे मोकळे फिरतात. दक्षिणेकडे जायचं तर दादरला उतरून पूल चढायचा, मध्य रेल्वेची धिमी गाडी धरायची आणि भायखळ्याला पूर्वेला बाहेर पडायचं. तिथे राणीची बाग. पार्ल्यातल्या शाळांच्या कितीतरी पिढ्यांनी वाघ पहिल्यांदा पाहिला तो इथेच, डब्यातली पुरी-भाजी संपवून, बाईंच्या मागे जोडीजोडीनं रांगेत चालताना.

संपादकांचा प्रश्न साधा होता. पुढच्या वीस वर्षांत ही बाग कशी व्हावी, तिथे कुठले प्राणी असावेत आणि कसल्या जागांत? मी आधी आराखडे आणि जुन्या बातम्या वाचल्या, मग बागेत गेले, आणि शेवटी पार्ले पूर्वेला राहणाऱ्या एका निवृत्त कीपरकाकांच्या जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसले. वाघ-बिबट्यांची देखभाल करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नाव छापू नका, एवढीच त्यांची अट. या लेखातली सगळ्यात मोलाची गोष्ट त्यांच्याकडून मिळाली, आणि ती एका दाराची आहे.

बागेचा इतिहास थोडक्यात सांगते. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाची बाग आधी शिवडीला होती. ती भायखळ्याच्या माउंट इस्टेटवर आली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन्स लोकांना खुली झाली. डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांची नावं या सुरुवातीशी जोडलेली आहेत. १८७२ मध्ये शेजारी वस्तुसंग्रहालय उघडलं, ते आज भाऊ दाजींच्या नावानं ओळखलं जातं. १८७३ मध्ये बाग पालिकेकडे आली. जनावरांचं बस्तान बसलं ते १८९० मध्ये बाग वाढवल्यावर. स्वातंत्र्यानंतर नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं, लोकांच्या तोंडी राणीची बाग राहिली. या सगळ्यातून एवढं लक्षात ठेवायचं की इथे झाडं आधी आली आणि प्राणी मागाहून. सुमारे पन्नास एकरांत आज तीन हजारांहून अधिक झाडं आहेत, अडीचशेहून अधिक प्रजातींची. हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची गोरखचिंच आहे, खोडावरच फुलं आणि तोफगोळ्याएवढी फळं लगडणारा कैलासपती आहे. दक्षिण मुंबईत एवढी जुनी सावली दुसरीकडे सापडणं कठीण.

बागेच्या भविष्याविषयी गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे छापून आलं, ते वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. बहुतेक योजना प्राण्यांच्या यादीनं सुरू होतात. २००७ च्या सुमारास परदेशी सल्लागारांनी बाग आमूलाग्र बदलण्याचा ४३३ कोटींचा आराखडा केला. वृक्षप्रेमी नागरिक उभे राहिले, वारसा समितीनं हरकत घेतली, आणि तो आराखडा पुष्कळ आवरता घ्यावा लागला. पुढे शेजारच्या मफतलाल मिलची जमीन मिळाल्यावर तिथे परदेशी प्राण्यांचा विभाग करायचं ठरलं. पांढरा सिंह, चित्ता, जॅग्वार, लेमूर, चिंपांझी अशी नावं जाहीर झाली. निविदांवरून आरोप झाले आणि २०२२ च्या सुरुवातीला त्या रद्द झाल्या. अलीकडे पेंग्विनांच्या इमारतीला लागून काचेच्या बोगद्याचं मत्स्यालय करण्याचाही विचार पुढे आला. दरम्यान काही कामं खरंच उभी राहिली. जानेवारी २०२० मध्ये खुला झालेला पक्षी विहार हे त्यातलं मला सर्वांत आवडलेलं काम. चाळीस फुटांहून उंच जाळीच्या आत आपण चालत शिरतो आणि पक्षी डोक्यावरून जातात. त्यानंतर मगरींचं नवं तळं झालं, पाण्याखालून काचेतून बघता येणारं.

हे सगळे आराखडे मी कीपरकाकांपुढे ठेवले. रंगीत चित्रं होती. हिरवळ, खडक, धबधबा, काचेपलीकडे वाघ आणि काचेशी नाक लावलेलं मूल. काकांनी चष्मा लावला, एकेक चित्र निरखलं आणि विचारलं, "ताई, यात माझं दार कुठं आहे?"

मला कळलं नाही. त्यांनी पेन्सिल मागितली आणि कालच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासात आखायला घेतलं. पुढे मोठा मोकळा भाग, जो आपल्याला दिसतो. त्याच्या मागे एका रांगेत चार खोल्या. खोल्यांच्या मागे कीपरची बोळ. प्रत्येक खोलीला दोन सरकते दरवाजे, एक मैदानाकडे आणि एक शेजारच्या खोलीत. कीपरला आत जायला वेगळं दार, आणि त्याच्याही आधी आणखी एक दार, म्हणजे एक उघडं राहिलं तरी दुसरं बंद असतं. "हा रात्रनिवारा," काका म्हणाले. "प्राणिसंग्रहालय म्हणतात ते हे. पुढचं मैदान पब्लिकचं."

मग त्यांनी एक हिशेब सांगितला, जो मी कुठल्याच आराखड्यात वाचला नव्हता. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे वाघाच्या किंवा सिंहाच्या जोडीला किमान १,००० चौरस मीटर मोकळी जागा लागते, बिबट्याच्या जोडीला ५००. रात्रीच्या खोलीचंही किमान माप ठरलेलं आहे. वाघासाठी ते २.७५ मीटर लांब, १.८० मीटर रुंद, ३ मीटर उंच. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे प्राणी संध्याकाळी पाचच्या सुमारास आत घेतात आणि सकाळी साफसफाई, तपासणी उरकली की नवाच्या सुमारास बाहेर सोडतात. म्हणजे दिवसाच्या चोवीस तासांतले सोळा तास त्या पाच चौरस मीटरच्या खोलीत. वाघ आणि बिबट्या हे मुळात सांजसकाळी आणि रात्री हिंडणारे. ज्या वेळी त्यांच्या अंगात चालण्याची, शिकारीची ऊर्मी असते, त्याच वेळी ते खोलीत असतात, आणि भर दुपारी आपण तिकीट काढून जातो तेव्हा मैदानात झोपलेले असतात. काचेवर टकटक करणाऱ्या पोरांना वाघ आळशी वाटतो, त्याचं कारण या वेळापत्रकात आहे.

रात्री आत का घ्यायचं, हेही काकांनी नीट समजावलं. प्रत्येकाला वेगळं खायला घालता येतं, कुणी खाल्लं आणि कुणी टाकलं ते कळतं, भांडणं टळतात, जखम दिसते, आणि रात्रपाळीला माणसं कमी असताना धोका राहत नाही. कारणं खरी आहेत. पण त्यातलं एकही कारण खोली लहान ठेवायला सांगत नाही.

मग ते दाराकडे वळले, आणि पुढचा तासभर आम्ही फक्त दारावर बोललो. दरवाजा दोन तऱ्हांचा असतो. एक वरून खाली येणारा, तारेच्या दोरावर आणि कप्पीवर पेललेला. तो झटकन बंद होतो, पण दोर तुटला तर कोसळतो आणि खाली शेपटी किंवा पंजा असला तर संपलंच. दुसरा बाजूला सरकणारा, रुळावर चालणारा, बोळीतूनच लोखंडी दांड्यानं ढकलायचा. काकांची पसंती दुसऱ्याला. पण त्याचं दुखणं रुळात आहे. खाचेत हाडाचा तुकडा, विष्ठा, केस, धुतलेल्या पाण्याबरोबर आलेली माती साचते. मुंबईची खारी हवा लोखंड खाते. पावसाळ्यात रूळ फुगल्यासारखा होतो, दार शेवटच्या दोन बोटांवर अडतं. "ती दोन बोटं फार वाईट," काका म्हणाले. "बाहेरून बघणाऱ्याला दार लागलेलं दिसतं. वाघाला फट दिसते. तो पंजा घालतो आणि सरकवतो. त्याला घाई नसते ना."

म्हणून दार नुसतं बघायचं नाही, असा त्यांचा नियम. दांडा ढकलताना शेवटी जो ठोका हाताला लागतो तो लागला पाहिजे. मग खिट्टी, मग कुलूप, मग कुलूप ओढून बघायचं, आणि त्यानंतर प्राणी मोजायचे. मोजणी झाल्याशिवाय मैदानात पाऊल टाकायचं नाही, मग तुम्ही कितीही वर्षं नोकरी केलेली असो. बोळीच्या टोकाला बहिर्गोल आरसा हवा, कारण कीपरला दार आणि जनावर एकाच वेळी एकाच जागेवरून दिसलं पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ते दिसत नाही. इमारत आखणाऱ्यानं बोळ वळवलेली असते, बाहेरचा नकली खडक सुबक दिसावा म्हणून. हे सांगताना काकांचा उजवा हात टेबलावर दांडा ढकलत होता, आणि ठोक्यापाशी दर वेळी थांबत होता.

त्या टेबलावर माझं मत बनलं. प्राणिसंग्रहालयाची फेररचना मागच्या बाजूनं सुरू झाली पाहिजे. आधी रात्रनिवारा, दारं आणि कीपरची बोळ, मग प्राण्याचं मैदान, आणि प्रेक्षकांचा कठडा सगळ्यात शेवटी. उलट क्रमानं गेलेल्यांचे दाखले जगात आहेत. १९३४ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात बर्थोल्ड लुबेटकिन यांनी पेंग्विनांचं तळं बांधलं. एकमेकींना वळसा घालून उतरणाऱ्या काँक्रीटच्या दोन निमुळत्या पट्ट्या, आधुनिक वास्तुकलेचा नमुना म्हणून नावाजलेल्या. पण त्या काँक्रीटवर चालून पेंग्विनांच्या पायांना त्रास होऊ लागला आणि २००४ मध्ये त्यांना तिथून हलवलं गेलं. वास्तू आजही जपलेली आहे, पेंग्विन मात्र दुसरीकडे आहेत. बांधणाऱ्यानं माणसाच्या डोळ्याचा विचार केला, पक्ष्याच्या तळव्याचा राहून गेला.

चांगले दाखलेही आहेत. जर्मनीत कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ गजांच्या जागी खंदक वापरून प्राणी मोकळ्या खडकांवर दाखवले. खंदकाची ती कल्पना आपल्याकडच्या प्राणिसंग्रहालयांतही पोचली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सिॲटलमध्ये गोरिलांसाठी खऱ्या झाडाझुडपांचं रान उभं केलं आणि प्रेक्षकालाच त्या रानातून वाट काढायला लावली. मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो फिलाडेल्फियाचा प्रयोग. तिथे २०११ पासून जाळीचे बोगदे उभारले जात आहेत, काही थेट लोकांच्या डोक्यावरून जाणारे. माकडं, मग मोठी मांजरंही त्यांतून एका जागेतून दुसऱ्या जागेत जातात. एकाच मैदानात सकाळी एक प्राणी, दुपारी दुसरा. दुसऱ्याचा वास, दुसऱ्याच्या खुणा, नवा रस्ता. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी गेल्या शतकाच्या मध्याला सांगून ठेवलं होतं की बंदिस्त प्राण्याला जागेच्या आकाराइतकीच जागेतल्या विविधतेची आणि उद्योगाची गरज असते. बोगद्यांची ही पद्धत तेच साधते. आणि ती चालते कशावर? दारांवर. दिवसातून दहा वेळा उघडणारी, हाताला ठोका देणारी दारं आणि मोजणी न चुकवणारी माणसं.

राणीच्या बागेत मागच्या बाजूच्या व्यवस्थेचं महत्त्व सगळ्यांत ठळक दिसतं ते पेंग्विन कक्षात. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. लोकांनी त्यावर भरपूर टीका केली, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांतली एक मादी जंतुसंसर्गानं दगावली तेव्हा ती टीका खरी ठरल्यासारखं वाटलं. मार्च २०१७ मध्ये कक्ष लोकांना खुला झाला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं आणि आठवड्याभरात गेलं. त्यानंतर मात्र पिल्लं जगली, वाढली, आणि सातांचा थवा आज दुपटीहून मोठा आहे.

हम्बोल्ट पेंग्विन बर्फातला पक्षी नव्हे. पेरू आणि चिलीच्या रुक्ष किनाऱ्यावर, थंड सागरी प्रवाहाच्या कडेला तो राहतो आणि तारलीसारख्या लहान माशांवर जगतो. म्हणून त्याला सोळा-अठरा अंशांची हवा आणि स्वच्छ थंड पाणी पुरतं. मेच्या भायखळ्यात तेवढं राखायलाही एक अख्खं यंत्रघर लागतं. हवा गार करणारे संच, पाणी गार करणारे संच, गाळण्या, निर्जंतुकीकरण, आणि वीज गेली तर क्षणात उचलणारी पर्यायी सोय. गोठवून ठेवलेल्या माशांतलं बी-१ जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून जगभर पेंग्विनांना त्याची गोळी माशाच्या कल्ल्यात खुपसून देतात. काचेपुढे आपण जेमतेम मिनिटभर थांबतो, मागून "चला, पुढे चला" ऐकू येतं. त्या मिनिटामागे चोवीस तासांची पाळी आहे. तिथली पिल्लं जगली याचं श्रेय मी त्या मागच्या खोलीला देते.

मग पुढची बाग कशी असावी? काकांशी बोलून आणि बागेत हिंडून जे मनात उभं राहिलं ते मांडते.

पहिली गोष्ट, मोठी मांजरं कमी आणि त्यांच्या जागा मोठ्या. वाघाच्या एका कुटुंबासाठी तीन मैदानं, त्यांतलं एक मागे, प्रेक्षकांच्या नजरेआड, पक्क्या भिंतीचं, जिथे तो रात्रभर उघड्यावर राहू शकेल. खोल्या राहतीलच, खाण्यापुरत्या आणि औषधापुरत्या. मैदानांना जोडणारे जाळीचे बोगदे जुन्या झाडांच्या बुंध्यांना वळसा घालून जातील, एकही मूळ न तोडता.

दुसरी, सह्याद्रीचा ओढा. शेकरू हा आपला राज्यप्राणी, आणि मुंबईतल्या हजारो मुलांनी तो फक्त पुस्तकात पाहिला आहे. बागेतल्या उंच झाडांमध्ये जाळीचं दालन केलं तर शेकरूला उड्या मारायला खऱ्या फांद्या मिळतील. खाली वाहत्या पाण्यात पाणमांजरं. पाणमांजर दिवसा हालचाल करतं, सतत काही ना काही करत असतं, आणि माणसाला तासभर खिळवून ठेवतं. त्यासाठी आफ्रिकेतून काही आणायची गरज नाही.

तिसरी, आणि माझ्या सगळ्यात जवळची, मुंबईच्या किनाऱ्याचं दालन. पार्ल्याहून जुहूचा किनारा रिक्षाच्या अंतरावर आहे. ओहोटीला तिथल्या खडकांत साचलेल्या डबक्यांत समुद्रफुलं, खेकडे, गोगलगायी सापडतात, क्वचित ऑक्टोपसही. २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई या उपक्रमातली मंडळी लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन हे दाखवत आली आहेत. खाडीतल्या खारफुटीच्या चिखलात निवटी असते. कोळीवाड्यात ती ताटात येते, पण ती पाण्याबाहेर येऊन परांच्या आधारानं चिखलावर चालते, नर एकमेकांपुढे पाठीचा पर उभारून उड्या मारतात, हे पाहिलेले मुंबईकर थोडे. एक रुंद उथळ हौद, त्यात खाडीचा चिखल, खारफुटीची रोपं आणि एक पंप जो दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी आणेल. भरतीला निवट्या बिळात, ओहोटीला वर. प्रेक्षकाला तासभर थांबायचं कारण मिळेल, कारण दृश्य त्याच्या डोळ्यांदेखत बदलेल. दालनात माहिती सांगायला कोळी समाजातली माणसं असावीत, त्यांच्याइतकी खाडी कुणाला ठाऊक आहे? १९५१ पासून मुंबईला मासे दाखवणारं तारापोरवाला मत्स्यालय बंद पडून वर्षं झाली. नवं मत्स्यालय होणारच असेल तर त्याचा आरंभ या चिखलापासून व्हावा.

चौथी, बोरिवलीशी नातं. बागेतल्या बिबट्याच्या जागेशेजारी राष्ट्रीय उद्यानातल्या मोकळ्या बिबट्यांची माहिती असावी. ते कुठून कुठे जातात, कचरा आणि भटकी कुत्री त्यांना वस्तीकडे कशी ओढतात, रात्री आरेतून चालताना काय करावं. शहरात राहणाऱ्या मुलाला हे ज्ञान कामाचं आहे. उद्या त्याच्या सोसायटीच्या भिंतीवर बिबट्या दिसला तर दगड मारायचा नाही, हे त्याला बागेत कळावं.

एवढं कागदावर उतरवणं सोपं आहे. काकांनी माझी यादी ऐकली आणि एकेक अडचण मोजायला लागले.

सगळ्यात आधी झाडं. बागेत कुठेही पाया खणायचा म्हणजे कुणाच्या तरी मुळांवर घाव येतो. वठलेली फांदी दिसते, मूळ तुटलेलं दिसत नाही. झाड दोन-चार पावसाळे तग धरतं आणि मग एका वादळात आडवं होतं. दोष वादळाला जातो. बुंध्याभोवती काँक्रीट ओतलं, मातीवर डबर पसरलं, जड क्रेन फिरवली, तरी परिणाम तोच. २००७ च्या आराखड्याविरुद्ध जे नागरिक लढले त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि त्यांच्यामुळे ही बाग आज सावलीची आहे. जड बांधकाम हवंच असेल तर ते मिलच्या जमिनीवर, जुन्या बागेत फक्त खांबांवर पेललेली हलकी जाळी, असा नियम पक्का केला तरच माझे बोगदे आणि शेकरूचं दालन शक्य आहे.

मग प्राणी आणायचे कुठून? वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे प्राणिसंग्रहालयाला देशातला प्राणी विकत घेता येत नाही. मान्यताप्राप्त संग्रहालयांत प्राधिकरणाच्या परवानगीनं अदलाबदल होते. ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याला मिळतही नाही. २०२० मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली, तिला पुढे पिल्लं झाली, ही चांगली बाजू. सिंहांची बाजू वेगळी. २०१४ मध्ये बागेतला शेवटचा सिंह गेल्यावर बाग सिंहांसाठी गुजरातकडे डोळे लावून बसली. बदल्यात झेब्रे मागितले गेले, झेब्रे परदेशातून आणायचे होते, आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळत राहिलं. परदेशी प्राण्याला आयातीचा परवाना, विलगीकरण, रोगमुक्तीचे दाखले, सगळं लागतं. यादी जाहीर करणारे या साखळीविषयी बोलत नाहीत, आणि तयार मैदानं रिकामी राहतात. पेंग्विनांचीही एक चिंता आहे. आजचा सगळा थवा सात पक्ष्यांपासून वाढलेला. बाहेरचं रक्त आलं नाही तर पुढच्या पिढ्यांत त्याची किंमत मोजावी लागेल.

पैशाचं गणित याहून अवघड. २०१७ मध्ये प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये झालं, चौघांच्या कुटुंबाला १०० रुपये. मुंबईच्या मानानं आजही हे स्वस्त आहे, आणि स्वस्तच राहिलं पाहिजे. गिरणगावातल्या, डोंगरीतल्या, गोवंडीतल्या कुटुंबाला दुसरीकडे कुठे एवढ्या पैशांत दिवसभर सावली मिळते? १ जानेवारी २०२३ रोजी एका दिवसात ३२ हजारांहून अधिक माणसं आली. पण एवढ्या पैशांतून यंत्रघरं चालत नाहीत. पेंग्विन कक्षाच्या देखभालीचं कंत्राट कोट्यवधींचं असतं आणि दर काही वर्षांनी नवं काढावं लागतं. उद्घाटनाला पैसा मिळतो, रुळातली घाण काढणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळेलच असं नाही. माझ्या भरती-ओहोटीच्या हौदाचा पंप तिसऱ्या वर्षी बंद पडला आणि सुटा भाग सहा महिने आला नाही, तर निवट्यांचं काय होईल, हे काकांनी मला विचारलं. मी उत्तर देऊ शकले नाही.

गर्दीचाही प्रश्न आहे. ३२ हजार माणसांचा आवाज शेकरूला सोसेल का? प्राण्याला डिवचणं हा कायद्यानं गुन्हा आहे, तरी काचेवर थापा पडतात, वेफरची पाकिटं आत जातात. दर प्राण्याला माणसांच्या नजरेपासून लपायची जागा हवी. आणि लपायची जागा दिली की "प्राणी दिसलाच नाही" अशी तक्रार येते. मग अधिकाऱ्यांवर दबाव येतो आणि झुडपं छाटली जातात. शेकरू दिसला नाही तर थांबायचं, वाट बघायची, पुन्हा यायचं, ही सवय प्रेक्षकाला लावावी लागेल. जंगलात आपण हेच करतो.

आणि काकांना सर्वांत जास्त छळणारी अडचण माणसांची. जुने कीपर निवृत्त होतात, त्यांच्या हातातला ठोका त्यांच्याबरोबर जातो. नवे लोक अनेकदा कंत्राटावर येतात. एखादा प्राणी ओळखायला वर्ष लागतं आणि वर्षाच्या आत माणूस बदलतो. वाघीण खाण्याला तोंड लावत नाही, नेहमीच्या कोपऱ्याऐवजी दाराशी बसते, हे ज्याला कळतं त्याच्याकडून पशुवैद्यापर्यंत बातमी पोचते. ज्याला कळत नाही त्याच्या पाळीत दोन दिवस फुकट जातात. पाळ्या वाढवून रात्री मैदानं उघडी ठेवायची, बोगद्यांची दहा दारं चालवायची, म्हणजे आजच्या दुप्पट शिकलेली माणसं हवीत. इमारतीच्या खर्चात ती कुठेच मोजलेली नसतात.

पुण्यानं पेशवे पार्कातले प्राणी कात्रजच्या मोठ्या जागेत हलवले. चेन्नईनं तर १९८५ मध्येच आपलं जुनं प्राणिसंग्रहालय शहराबाहेर वंडलूरला नेलं. मुंबईनंही तेच करावं, असं पुष्कळजण म्हणतात, आणि हत्तीसारख्या मोठ्या प्राण्यांपुरतं ते मला पटतं. हत्तींबाबत तर प्राधिकरणानं २००९ मध्येच स्पष्ट निर्देश दिले की त्यांना प्राणिसंग्रहालयांत ठेवू नये. पण भायखळ्याची बाग उठवून टाकली तर लोकलच्या तिकिटावर पोचता येणारं हे ठिकाण सामान्य मुंबईकराच्या हातून जाईल. लहान प्राणी, आपले प्राणी आणि मोठी झाडं यांच्यावर ही बाग उत्तम चालू शकते.

त्यासाठी पालिकेनं पुढच्या निविदेआधी तीन कागद लोकांसमोर ठेवावेत. पहिला, बागेतल्या प्रत्येक झाडाच्या मुळांच्या पसाऱ्याचा नकाशा, ज्यावर नव्या पायाची प्रत्येक रेघ दिसेल. दुसरा, रात्रनिवाऱ्याचा आराखडा, प्राणी तिथे दिवसाचे किती तास काढणार ते लिहून, आणि त्यावर किमान दोन अनुभवी कीपरांच्या सह्या. तिसरा, उद्घाटनानंतर अकराव्या वर्षी यंत्रं कोण चालवणार आणि कुठल्या पैशातून. या तीन कागदांवर उत्तरं मिळाली की प्राण्यांची यादी करायला घ्यावी. उत्तरं मिळेपर्यंत एकही नवा प्राणी मुंबईत आणू नये.